तुम्ही विचारलंत म्हणून: सर, विर्टच का?

दर बॅचला कुणीतरी विचारतंच, सर, टेबलाच्या काचेखाली तुम्ही ठेवलेला हा फोटो कुणाचा, आणि पायथन शिकवताना मधेच पास्कल ही जुनी प्रोग्रामिंगची भाषा कुठून येते? वर्गात दोन वाक्यांत सांगून होत नाही म्हणून इथे लिहितोय.

फोटो निकलाउस विर्ट यांचा आहे, पास्कल बनवणारे कॉम्प्युटर शास्त्रज्ञ. जन्म १९३४, स्वित्झर्लंडमधलं विंटरथूर. झुरिकच्या ईटीएच या तंत्रज्ञान विद्यापीठातून डिग्री, मग कॅनडा, बर्कलेला पीएचडी, स्टॅनफर्डला शिकवणं आणि १९६७ च्या सुमारास परत मायदेशी. हे कुठेही वाचायला मिळेल. माझा जीव जडलाय तो दुसऱ्याच गोष्टीवर, की हा माणूस प्रत्येक नव्या भाषेत आधीच्या भाषेतलं काय काय काढून टाकता येईल हे बघायचा.

साठच्या दशकात अल्गोल या प्रोग्रामिंगच्या भाषेची पुढची आवृत्ती कशी असावी हे ठरवायला आंतरराष्ट्रीय कमिटी होती, तिच्यात विर्टही होते. विर्ट आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होअर यांनी मिळून एक छोटा, सुटसुटीत प्रस्ताव मांडला, तो कमिटीला कमी वाटला आणि त्यांनी भलामोठा, किचकट आराखडा उचलला, तीच अल्गोल ६८. विर्ट बाहेर पडले आणि १९७० मध्ये स्वतःची पास्कल घेऊन आले, मुलांना नीट विचार करून प्रोग्राम लिहायला शिकवता यावं म्हणून. तिचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम, आधी फोर्ट्रान या जुन्या भाषेत लिहायला घेतला होता, तो फसला, सरळ टाकून दिला. मग पास्कलचा कंपायलर पास्कलमध्येच लिहिला! तेव्हा ती भाषा चालवणारं मशीन जगात कुठेच नव्हतं, म्हणून पहिल्यांदा तो हाताने मशीनच्या जवळच्या, खालच्या पातळीवरच्या भाषेत उतरवला, आणि एकदा चालू झाल्यावर पुढे त्याने स्वतःलाच कंपाइल केलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो होतो.

माझी आणि पास्कलची गाठ १९९१ ला कॉलेजच्या लॅबमध्ये पडली. एका पीसीवर दोघंदोघं, हातात फ्लॉपी, तिच्यावर टर्बो पास्कल ३, एडिटर आणि कंपायलर मिळून चाळीस केबीसुद्धा नाही. हे टर्बो पास्कल अँडर्स हेल्सबर्गचं, ज्यांनी पुढे सी शार्प आणि टाइपस्क्रिप्ट या भाषा केल्या. एल्स (‘नाहीतर’ सांगणारा शब्द) च्या आधी सेमीकोलन टाकला, जो पास्कलमध्ये तिथे चालत नाही, की कंपायलर थांबायचा, एस्केप दाबलं की कर्सर नेमका त्या एल्सवर जाऊन उभा. चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवल्यासारखं वाटायचं. मला प्रोग्रामिंग तिथे कळलं, त्याआधी मी फक्त पाठ करत होतो.

विर्टना १९८४ ला ट्युरिंग अवॉर्ड, कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वोच्च सन्मान, मिळालं, पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांच्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने लिहून ठेवलेली आठवण. कंपायलरच्या सिम्बॉल टेबलमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या नावांच्या नोंदवहीत, नावं शोधायला सॉर्टेड ट्री (पटकन सापडावं म्हणून झाडासारख्या फांद्यांत क्रमाने लावलेली नावं) होतं, देखणं, मेहनतीने केलेलं, व्यवस्थित चालणारं. एक दिवस विर्ट म्हणाले, एका स्कोपमध्ये (प्रोग्रामच्या एका भागात) नावं असतात तरी किती, ट्री काढा आणि साधी लिस्ट, एकामागून एक नावांची रांग, ठेवा. सगळे विद्यार्थी हादरले, एवढं केलेलं फेकून द्यायचं? पण नवा कंपायलर आधीच्यापेक्षा लहानही झाला आणि फास्टही.

पुढे मोड्युला-२ ही भाषा, मग ओबेरॉन, जिचं वर्णन जेमतेम सोळा-सतरा पानांत बसतं. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या लॅबमध्ये वर्षभर राहून आल्टो कॉम्प्युटर बघितला, तसा विकत मिळत नव्हता, तर झुरिकला परतून टीम घेऊन लिलिथ नावाचा स्वतःचा कॉम्प्युटर बांधला. रिटायर झाल्यावरही थांबले नाहीत. ८० च्या उंबरठ्यावर असताना स्वतः छोटा प्रोसेसर डिझाइन केला आणि त्यावर अख्खी ओबेरॉन सिस्टिम, म्हणजे ओबेरॉन भाषेतली ऑपरेटिंग सिस्टिम, नव्याने उभी केली.

१ जानेवारी २०२४ ला ते गेले. त्या आठवड्यात मी वर्गात ती ट्री आणि लिस्टची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, सर, पण लिस्टमध्ये सर्च स्लो होणार ना? म्हटलं, तुझ्या प्रोग्राममध्ये व्हेरिएबल किती आहेत ते आधी मोज. त्याने स्क्रीनवर बोट फिरवत मोजले. बारा निघाले.