टायट्रेशन करता करता काचेची भांडी कळली

ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून त्याची तीव्रता काढणं) करायचं होतं, तेव्हा कृती मला पाठ होती. कळत नव्हतं ते एवढंच, की बीकरवरही मिलिलिटरच्या रेघा असताना इतकी वेगवेगळी भांडी लागतातच कशाला?

उत्तर काचेच्या रुंदीत आहे. 250 मिलिलिटरच्या बीकरमध्ये पातळी एक मिलिमीटर वर-खाली झाली, की साधारण चार मिलिलिटरचा फरक पडतो. 50 मिलिलिटरच्या ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली कॉक असलेल्या लांब अरुंद नळीत, तेवढ्याच एका मिलिमीटरला जेमतेम 0.1 मिलिलिटर. म्हणून बीकर ढवळायला, ओतायला, तापवायला. त्याच्या रेघा अंदाजापुरत्या.

आधी 0.05 मोलर (लिटरमध्ये 0.05 मोल, मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक) ऑक्झॅलिक आम्ल करायचं होतं. 100 मिलिलिटरला 0.63 ग्रॅम स्फटिक, वॉच ग्लासवर तोलून घेतले. ते छोट्या बीकरमध्ये विरघळवून फनेलमधून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतले. बीकर, वॉच ग्लास आणि फनेल वॉशबॉटलने खळबळून तेही पाणी आतच घेतलं, कारण काचेला चिकटलेलं आम्लही हिशेबातलंच. या फ्लास्कच्या बारीक मानेवर एकच रेघ असते. शेवटचे थेंब ड्रॉपरने सोडायचे, डोळा रेघेच्या पातळीत ठेवायचा, बूच लावून उलटसुलट करायचं. हा फ्लास्क तापवायचा मात्र नाही.

मग ब्युरेट. आधी डिस्टिल्ड वॉटरने, नंतर थोड्या परमँगनेटनेच धुतली. पिपेटही, म्हणजे ठरावीक माप ओढून घ्यायची नळी, तशीच, ऑक्झॅलिक आम्लाने. ज्यात टायट्रेशन होतं तो कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त पाण्याने. हा भेद मी आधी नुसताच पाठ केला होता, त्यामागचं कारण तिथे उभं राहिल्यावर पटलं: ब्युरेटमध्ये पाणी राहिलं तर द्रावण पातळ होतं, फ्लास्कमध्ये राहिलं तर काहीच बिघडत नाही, कारण आम्ल किती टाकायचं ते पिपेटने आधीच ठरवलेलं असतं.

ब्युरेट भरल्यावर कॉक पूर्ण उघडून तोटीतला हवेचा बुडबुडा घालवला आणि वरचं फनेल काढून ठेवलं. त्यातून एखादा थेंब मध्येच पडला, तर रीडिंग गेलं. रंगहीन द्रावणात लोअर मेनिस्कस, म्हणजे वक्र पृष्ठभागाची खालची कड, वाचतात, पण परमँगनेट इतकं गडद की खालची कड दिसतच नाही. इथे वरची कड वाचायची, सुरुवातीलाही आणि शेवटीही.

पिपेटला रबरी बल्ब लावून 10 मिलिलिटर आम्ल घेतलं, तोंडाने ओढायचं नाही. रिकामी करताना टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवलं. टोकाशी उरलेला थेंब फुंकायचा नाही, पिपेटची आखणी तो थेंब सोडूनच केलेली असते. त्यावर विरल सल्फ्युरिक आम्ल, एक टेस्ट ट्यूबभर! इतक्या काटेकोर कामात हे माप गमतीचं वाटतं, पण हे आम्ल पुरेसं असलं की झालं. ते कमी पडलं तर तपकिरी गढूळपणा येतो. हायड्रोक्लोरिक आम्लही चालत नाही, परमँगनेट त्यावरच खर्च होतं.

फ्लास्क तिवईवर, तारेच्या जाळीवर ठेवून 60 ते 70 अंशांपर्यंत तापवला आणि पांढऱ्या टाइलवर आणला. डाव्या हाताने कॉक, उजव्या हाताने फ्लास्क फिरवणं. हा दोन हातांचा ताल बसायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिला थेंब रेंगाळतो, गुलाबी रंग जाता जात नाही. नंतरचे थेंब पडताक्षणी विरतात, कारण अभिक्रियेत तयार होणारे मँगनीज आयनच तिचा वेग वाढवतात. शेवटाकडे एकेक थेंब. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबायचं. रंग बदलून शेवट दाखवणारा वेगळा दर्शक लागत नाही.

पायलट, म्हणजे अंदाजाच्या पहिल्या रीडिंगनंतर 9.8 मिलिलिटर पुन्हा पुन्हा जुळलं, तोच सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग). ऑक्झॅलिक आम्लाच्या 5 मोलना परमँगनेटचे 2 मोल, या हिशेबाने परमँगनेट 0.0204 मोलर निघालं.

उरलेलं ऑक्झॅलिक आम्ल लगेच ओतून दिलं नाही. ब्युरेटच्या काचेवर परमँगनेटचे तपकिरी डाग राहिले होते. त्याच आम्लात थोडं सल्फ्युरिक मिसळून, कोमट करून आतून फिरवलं, तसे ते निघाले. मग पाण्याने धुऊन, कॉक उघडा ठेवून ब्युरेट स्टँडला उलटी लावली.