तुम्ही विचारलंत म्हणून: राजा चुकला की बेकेट?

"काका, शेवटी चूक कोणाची हो, राजाची की बेकेटची?" आमच्या अभिवाचनाला जो कोणी नवीन येतो तो चहाचा कप हातात आला की हेच विचारतो, आणि मी दरवेळी "तुला काय वाटतं" म्हणून टोलवतो. मागच्या रविवारी एका ताईंनी धरलंच, म्हणाल्या तुम्ही नेहमी टाळता, आज सांगाच. तेव्हाही टाळलं. म्हणून आता लिहूनच टाकतो, तोंडी सांगायला गेलं की मध्येच कोणीतरी बोलतं नं माझं राहून जातं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'बेकेट' हे ज्याँ अनुई नावाच्या फ्रेंच नाटककाराचं १९५९ चं नाटक, आपल्याकडे शिरवाडकरांनी मराठीत आणलं. बाराव्या शतकातलं इंग्लंड. राजा दुसरा हेन्री आणि थॉमस बेकेट हे जिगरी दोस्त, शिकार, दारू, उनाडक्या सगळं जोडीने. राजा त्याला आधी चॅन्सलर, म्हणजे आपला मुख्य कारभारी, करतो आणि मग ११६२ मध्ये थेट कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे तिथल्या चर्चचा मुख्य, कारण पैशावरून आणि पाद्र्यांनी गुन्हा केला तर खटला कोणाच्या कोर्टात यावरून चर्च राजाला भंडावून सोडत असतं, आणि राजाचा हिशेब सोपा की आपला माणूस तिथे बसला म्हणजे कटकट मिटली. ती मिटत नाही. बेकेट त्या खुर्चीत बसतो नं त्या खुर्चीचाच होऊन जातो. २९ डिसेंबर ११७० ला राजाचे चार सरदार त्याला त्याच्याच चर्चमध्ये तलवारींनी मारतात. नाटक मात्र सुरू होतं ते नंतर, राजा बेकेटच्या थडग्यासमोर उघड्या अंगाने उभा आहे आणि पाद्री येऊन त्याच्या पाठीवर फटके मारणार आहेत. हे नुसतं नाटकातलं नाही हं, ११७४ मध्ये हेन्रीने असे फटके खरंच खाल्ले.

आम्ही दहाबारा जण नागपुरात धरमपेठेत एकाच्या घरी बसून नाटकं मोठ्याने वाचतो आणि हे नाटक आतापर्यंत तीनदा झालंय. प्रत्येक वेळी लोक वेगळंच बोलतात. इंजिनिअरिंगचा एक पोरगा म्हणाला काका हा राजा फुल टॉक्सिक आहे, असा दोस्त असला तर ब्लॉक करावं. त्याच्याच शेजारी बसलेले एक जण म्हणाले की अबे ही तर नमक हरामची स्टोरी आहे, आणि बरोबरच बोलले, हृषीदांच्या १९७३ च्या त्या पिक्चरच्या मुळाशी हेच नाटक आहे, फक्त राजाच्या जागी मालकाचा पोरगा आणि चर्चच्या जागी युनियन. मग अर्धा तास राजेश खन्ना की अमिताभ यावर गेला, ते सोडा.

इतिहासाच्या एक रिटायर्ड मॅडम येतात, त्यांनी तर पहिल्याच अंकात पुस्तक मिटलं. अख्खं नाटक या गोष्टीवर उभं आहे की बेकेट सॅक्सन, म्हणजे १०६६ मध्ये हरलेल्या लोकांतला, आणि राजा जिंकलेला नॉर्मन. आणि खरा बेकेट लंडनमध्ये जन्मला असला तरी आईबाप नॉर्मनच. मॅडमचं म्हणणं, पायाच खोटा आहे तर वरचे मजले काय बघायचे. गंमत म्हणजे अनुईला ही चूक नंतर कळली होती. त्याने एका जुन्या इतिहासाच्या पुस्तकातून हा विषय उचलला होता, ते पुस्तकही त्याने घेतलं होतं हिरव्या बाइंडिंगवर भाळून, शेल्फवर बरं दिसेल म्हणून, आणि इतिहासवाल्या मित्राने चूक दाखवल्यावरही त्याने नाटक तसंच ठेवलं. मला हे आवडतं, मॅडमना आजिबात नाही, आणि ऐतिहासिक नाटकावरून आपल्याकडे जे रामायण होतं ते बघता त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमतही नाही.

पण सगळ्यात टोचलं ते आमच्या शेजारच्या वहिनींचं. त्या फक्त ऐकायला येतात. नाटकात ग्वेंडोलेन नावाची मुलगी आहे, बेकेटच्या घरची, त्याच्यावर जीव असलेली. आधी एका प्रसंगात बेकेट राजाकडून एक मेहेरबानी मागून घेतो आणि बदल्यात शब्द देतो, आणि पुढे राजा त्या शब्दाच्या बदल्यात ग्वेंडोलेनलाच मागतो. बेकेट देतो. शब्द दिला होता म्हणून. ती राजाच्या हाती लागायच्या आधीच स्वतःला संपवते. हे वाचून झालं, कोणी काही बोलेना, आत कुकरची शिट्टी झाली आणि वहिनी म्हणाल्या, "दोघांची इज्जत राहिली, पोरगी गेली. अन् तुम्ही दोस्तीवर चर्चा करून राहिले." त्या दिवशी लवकर उठलो सगळे.

(इज्जत म्हणावं, अब्रू म्हणावं, की मान, यावरही आमचं एकमत होत नाही. मूळ नावातच देवाचा 'ऑनर' आहे. मला अब्रू बरोबर वाटतं, कारण मान दुसरा देतो आणि अब्रू आपल्याला सांभाळावी लागते. मॅडम म्हणतात देवाला कसली अब्रू.)

आता माझं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पूर्ण राजाच्या बाजूने होतो. मला वाटायचं या अख्ख्या नाटकात खरं प्रेम एकटा हाच करतो, भांडतो, रडतो, शिव्या देतो, पण प्रेम करतो. आणि बेकेट? त्याला जे काम द्याल ते तो उत्तम करतो, चॅन्सलर केलं तर उत्तम चॅन्सलर, बिशप केलं तर उत्तम बिशप, पण माणसावर जीव लावणं त्याच्या यादीतच नाही. असं मी बऱ्याच जणांना ऐकवलंय.

मग आमच्या बिल्डिंगचं झालं. सोळा फ्लॅटची सोसायटी, मी चेअरमन. सेक्रेटरी कोणी व्हायला तयार नव्हता तर मी माझ्या कॉलेजच्या मित्राला, तो दुसऱ्या मजल्यावर राहायचा, म्हटलं तू हो बे, सही तेवढी करायची आहे. हे शब्द माझेच. सही तेवढी करायची आहे. पावसाळ्याच्या तोंडावर टेरेसचं वॉटरप्रूफिंग मी ओळखीच्या माणसाकडून अडतीस हजारात करून घेतलं, काम चांगलं झालं, आजही एक थेंब गळत नाही. चेकवर दोघांच्या सह्या लागायच्या. मित्र म्हणाला कोटेशन कुठे आहेत, तीन लागतात, आणि हे बिल आहे का चिठ्ठी आहे? मी हसलो. तो हसला नाही. मग मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याने तेच विचारलं, वर "चेअरमनसाहेब" म्हणाला. चाळीस वर्षांत तो मला पहिल्यांदा साहेब म्हणाला.

त्या रात्री खाली पार्किंगमध्ये तिघंचौघं उभे होतो आणि मी बोलून गेलो, "याला कोणी काही सांगत काऊन नाही?" बस, एवढंच. पंधरा दिवसांनी त्याला काढायच्या पत्रावर अकरा सह्या झाल्या होत्या. माझी नव्हती. मी तर सांगितलंच नव्हतं कोणाला. मी हे खूप लोकांना सांगत फिरलो की मी सांगितलंच नव्हतं.

बेकेटच्या खुनाआधी हेन्री नेमकं काय बोलला याच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत, पण मारा असं तो म्हणाला नव्हता यावर लोक साधारण एकमत आहेत. चिडून बोलला आणि ऐकणाऱ्या चौघांनी घोडे काढले. आधी मला हे वाक्य म्हणजे राजाची चूक वाटायची, रागाच्या भरातली. आता वाटतं ती चूक त्याच्या आठ वर्षं आधीची आहे. दोस्ताला खुर्ची दिली ती त्याच्यासाठी नाही, सहीसाठी दिली. आणि बेकेटने ती खुर्ची खरी मानली. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, माझ्या मते चूक राजाची आहे, आणि तरी मला अजूनही जवळचा राजाच वाटतो, काय करणार.

दुसऱ्यांदा वाचलं ते मे महिन्यात. नाटकात एक जागा आहे, फ्रान्समधलं उजाड मैदान, बोचरा वारा, दोघंही घोड्यावर, पहारेकरी लांब थांबलेत, आणि हे दोघं शेवटचं भेटतात. राजा थंडीने कुडकुडतोय. इकडे नागपूर पंचेचाळीसला टेकलेलं, कूलरच्या आवाजात संवाद ऐकू येईना म्हणून कूलर बंद केलेला, राजा वाचणाऱ्याच्या कपाळावरचा घाम पानावर पडतोय आणि तो वाचतोय की किती गारठा आहे. पोरं हसत होती. मला हसू आलं नाही, कारण आदल्याच आठवड्यात मला माझा मित्र तर्री पोह्याच्या ठेल्यावर भेटला होता. दोन प्लेटा झाल्या, तर्री दोनदा मागून घेतली, पोरांच्या नोकऱ्या, त्याची शुगर, मेट्रोमुळे बर्डीवर सोपं झालेलं जाणं, सगळं बोललो. टेरेस सोडून. त्या दोघांचंही तसंच होतं, बोलतात भरपूर, आणि मग आपापले घोडे वळवतात.

यंदा तिसऱ्यांदा ठरलं तेव्हा मीच त्याला पुस्तक नेऊन दिलं, म्हटलं वाच आणि ये. आला नाही. दहा दिवसांनी पुस्तक परत केलं, खाकी कव्हर घालून, वर नीट अक्षरात नाव लिहून. मी विचारलं कसं वाटलं. शेवटी राजा जाहीर करतो की खुनाची चौकशी होणार आणि चौकशीचं काम देतो त्याच सरदारांतल्या एकाला, तर त्याला तेवढंच लक्षात राहिलं होतं.

"त्या चौकशीचं पुढे काय झालं रे?"

म्हटलं काही नाही, फाशी वगैरे कोणालाच नाही, पोपने धर्माबाहेर काढलं आणि प्रायश्चित्त म्हणून जेरुसलेमकडे पाठवलं.

"म्हणजे रिपोर्ट आलाच नाही," तो म्हणाला, आणि गाडीला किक मारली.