डुगडुग

आमच्या माळ्यावर एक खोकं आहे, त्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात 'कामाचं' असं लिहिलंय आणि आत एकही कामाची वस्तू नाही. दीड पायाचा बायपॉड (रायफलीचा दोनपायी टेकू), वाळूच्या तीन पिशव्या (पैकी एक फुटकी), अर्धी कापलेली फळी, शिवलेले चार झेंडे आणि एक लोखंडी सळई जिचं काय करणार होतो ते आता मलाच आठवत नाही. हे सगळं मी स्वतःच्या हातानं बनवलेलं. बायको दर साफसफाईला विचारते, "हे टाकू का?" आणि मी दरवेळी म्हणतो, "अगं नको, लागतं."

झालं असं की मला लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीचा नाद लागला. हजार यार्ड, म्हणजे 914 मीटर. पालथं पडायचं, रायफल पुढे बायपॉडवर, मागचा बट, म्हणजे खांद्याला टेकणारं टोक, वाळूच्या पिशवीवर, दुर्बिणीतून बघायचं आणि मारायचं. या प्रकाराला एफ क्लास म्हणतात, एफ कुठून आला तर जॉर्ज फार्कुहर्सन नावाच्या कॅनडियन नेमबाजाच्या आडनावावरून. माझा गट एफ-टीआर, त्यात रायफल, दुर्बीण, बायपॉड सगळं धरून वजन 8.25 किलोच्या आत पाहिजे. आता रायफल आणि काडतुसं घरी बनवायचा प्रश्नच नाही, ती रीतसर लायसनवाली. मी बोलतोय ते बाकीच्या लवाजम्याबद्दल, स्टँड, पिशव्या, मॅट, झेंडे. ते विकत मिळतं, चांगलं मिळतं, पण ते बघून एका विशिष्ट जातीच्या माणसाच्या मनात "ह्यात काय आहे, हे तर मी घरी करीन" असं येतंच, आणि मी त्या जातीचा.

सुरुवात पिशवीपासून झाली. जुन्या जीन्सचा एक पाय कापला, वाळू भरली, दोन्ही तोंडं शिवली. दिसायला एकदम झकास. रेंजवर नेली, पहिले तीन शॉट छान, आणि मग प्रत्येक शॉट आधीच्यापेक्षा जरासा वर. मला वाटलं वारा, मग वाटलं दुर्बीण, मग वाटलं मीच. शेजारी एक सिनियर काका होते, बरीच वर्षं मारतायत, ते म्हणाले, "अरे, तुझी वाळू बसतेय."

वाळू बसतेय म्हणजे किती? घरी येऊन कागदावर गणित मांडलं आणि हबकलो. पुढचा टेकू आणि मागची पिशवी यांच्यात साधारण पाऊण मीटर अंतर. बट जर मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीइतका, खाली बसला, तर हजार यार्डावर नेम बारा सेंटिमीटर वर सरकतो. आणि टारगेटच्या मधली जी एक्स रिंग असते तिचा व्यास किती, तर पाच इंच, म्हणजे 12.7 सेंटिमीटर. म्हणजे पिशवीखाली वहीचं एक पान घातलं किंवा काढलं की अख्खी एक्स रिंग इकडची तिकडे. त्या दिवसापासून घरातली कुठलीही डुगडुगती गोष्ट, खुर्ची, टेबल, शिडी, बघितली की माझं डोकं आपोआप हजार यार्डाचा गुणाकार करायला लागतं. हा एक आजारच आहे.

मग वाळू चाळली, धुतली, वाळवली, गच्च ठोकून भरली. पिशवी दगडासारखी झाली आणि बसायची बंद झाली, पण आता रायफल शॉटबरोबर त्यावरून उडायला लागली. पिशवीची डुगडुग गेली ती बायपॉडकडे गेली. तेव्हा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा रुंद बायपॉड बनवला, पाय एकमेकांपासून चांगले लांब आणि तळाला बर्फावरच्या घसरगाडीसारख्या वाकवलेल्या पट्ट्या, म्हणजे धक्का बसला की सरळ मागे घसरेल आणि तशीच पुढे ढकलली की जागेवर येईल. घसरला छान, फक्त एक पाय जास्त घसरायचा. का, तर जमीन सपाट नव्हती. म्हणजे डुगडुग आता जमिनीत गेली.

जमिनीवर उपाय म्हणून जी फळी बनवली ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर वस्तू. जाड प्लायवूड, पॉलिश केलेलं, पुढे बायपॉडला खाच, मागे पिशवीला खड्डा, सगळं एकाच फळीवर घट्ट, आता हलून दाखव म्हणलं. स्पर्धेच्या दिवशी मांडली, चार लोक जमले बघायला, मी मिशीत हसतोय, आणि रेंज ऑफिसर आले. त्यांनी फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पुढचा टेकू आणि मागचा टेकू एकमेकांना जोडलेला चालत नाही." नियमात आहे, वाचलाही होता, पण फळी म्हणजे 'जोडणं' असं काही डोक्यात आलंच नव्हतं. घरी येऊन करवतीनं मधोमध कापली. बायकोनं आवाज ऐकून विचारलं काय कापतोयस, म्हणलं काही नाही, नियम.

स्पॉटिंग स्कोपचा स्टँड ही वेगळीच कथा. पालथं पडल्यावर मान न हलवता, नुसता डोळा सरकवून दुसऱ्या दुर्बिणीतून बघता आलं पाहिजे, म्हणून तो अगदी आपल्या मापाचा लागतो, दुसऱ्याच्या उपयोगाचा नाही. मी भंगारातली गाडीची ब्रेक डिस्क बूड म्हणून घेतली, जड असते, त्यात सळई उभी केली. त्या स्कोपमधून बघायचं काय, तर मिराज. तापलेल्या जमिनीवरून हवेच्या लाटा उठतात, फोकस टारगेटच्या जरा अलीकडे आणला की त्या वाहताना दिसतात, उजवीकडे वाहतायत का डावीकडे, जोरात का हळू, आणि त्यावरून वारा ओळखायचा. सरळ वरवर उकळल्यासारख्या दिसल्या की वारा एकतर पडलाय नाहीतर तोंडावर किंवा पाठीवर आहे. हे सगळं पुस्तकात फार छान. माझ्या स्टँडवरून मात्र मिराज हलतंय का स्टँड हलतोय हेच कळेना. एकदा पाच मिनिटं मी डावीकडचा वारा वाचत होतो, तो शेजारचा माणूस मॅटवर कूस बदलत होता.

आणि वारा म्हणजे चेष्टा नाही. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा साध्या .308 इंची गोळीला हजार यार्डावर दोन मीटरच्याही पलीकडे ढकलतो. घड्याळासारखा विचार करायचा असतो, तीनकडून आला तर पूर्ण, एककडून आला तर निम्माच. म्हणून झेंडे. जुना ठोकताळा असा की झेंडा खांबाशी जितक्या अंशाचा कोन करतो त्याला चारनं भागायचं, ताशी मैल मिळतात. पण कुठला झेंडा? मी पहिला शिवला तो जाड कापडाचा, तो मारुती होऊन बसला, हलायलाच तयार नाही. दुसरा पातळ प्लास्टिकच्या पट्टीचा, शेजारून माणूस चालत गेला तरी वादळ दाखवायचा. तिसरा बरोबर जमला होता आणि पावसात भिजला, भिजल्यावर जड झाला आणि वारा अर्धाच सांगायला लागला. स्पर्धेत आपले झेंडे लावता येत नाहीत, रेंजचे असतात त्यावरच भागवायचं, तरी मी सरावाला लावत राहिलो. खरं सांगायचं तर त्या चार झेंड्यांइतकं मला कुठल्या वस्तूनं शिकवलं नाही, आणि चारही बिघडलेलेच होते.

यात मला नेहमी व्हिक्टोरिया राणीची गोष्ट आठवते. 2 जुलै 1860 ला विम्बल्डनला ब्रिटनच्या रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेचं उद्घाटन होतं आणि पहिला बार राणीनं मारला. मारला म्हणजे काय, व्हिटवर्थ नावाच्या इंजिनिअरची रायफल आधीच लोखंडी स्टँडमध्ये पक्की आवळून, नेम धरून ठेवलेली, राणीनं फक्त रेशमी दोरी ओढली. 400 यार्डावर गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली. जगातला सगळ्यात न डुगडुगणारा नेमबाज! पण विचार करा, ती दोरी ओढणाऱ्याला मजा काय आली असेल? नेम धरताना जो घाम फुटतो तो सगळा आधीच दुसऱ्या कुणालातरी फुटलेला.

माझी रायफल मात्र कुणी आवळून ठेवत नाही. पिशवी बसत नाही, बायपॉड सरळ घसरतो, फळीचे दोन तुकडे आपापल्या जागी, स्टँडच्या बुडात अजून एक डिस्क घातलीय. सगळं एकदा जमलं त्या दिवशी श्वास सोडून थांबलो, दुर्बिणीत बघितलं, तर क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली, हलतोय. टिक, टिक, टिक. बराच वेळ कळेना हे कुठून येतंय, पिशवी दाबली, बायपॉड हलवून बघितला. मग लक्षात आलं की ते माझंच हृदय. गाल आणि खांदा जिथे स्टॉकला, म्हणजे रायफलीच्या दस्त्याला, टेकतो तिथून नाडी सरळ दुर्बिणीत. काका म्हणाले, "हां, आता पोचलास. आता याला काय बनवणार?" मी खरोखरच दोन दिवस विचार केला की गालाखालची गादी जरा मऊ केली तर.

परवा एक नवीन मुलगी आली होती, दुसराच दिवस तिचा, तिचा स्कोपचा स्टँड एका पायावर डुगडुगत होता आणि ती बिचारी दर शॉटला वैतागत होती. मी माझ्या स्कोअरबुकचं मागचं कोरं पान फाडलं, चार घड्या घातल्या आणि पायाखाली सरकवलं. तिनं डोळा लावला, म्हणाली, "दादा, आता नाही हलत." मी काही बोललो नाही. उठताना तिनं विचारलं, कागद परत हवाय का. म्हणलं राहू दे, माझ्याकडे अख्खी वही आहे.