बोहाड्याची नोंद: मुखवटे झाले, पावलं बाकी

बोहाडा म्हणजे आदिवासी गावांत मुखवटे घालून रात्री होणारा सोंगांचा (पात्रांचा) नाच. आधी सद्यस्थिती. मुखवट्यांचे दिवसाउजेडीचे फोटो हाती आहेत. रात्रीच्या खेळाचे फोटो बरे आलेत, पण सलग नाहीत. संबळाची चाल आणि पावलं यांची जुळणी अर्धवट आहे. खरं काम तेच. जव्हार-मोखाड्याकडच्या कोकणा, वारली, महादेव कोळी गावांतल्या सोंगांचे देखणे फोटो भरपूर सापडतात. पण रावण कुठल्या चालीवर येतो, किती पावलांवर वळतो, हे त्यातून कळत नाही.

मुखवटे. जुने लाकडी, बाकी कागदाच्या लगद्याचे, आणि आता बहुतेकांवर चकचकीत ऑइल पेंट. ही चकाकी फोटोत पांढरे डाग पाडते. म्हणून उघड्यावरची सावली किंवा ढगाळ दिवस, ८५ मिमी लेन्स, एफ/८, ट्रायपॉड आणि पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर). पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायला राखाडी कार्ड) आणि मोजपट्टी ठेवायची. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि आतून. आतली बाजू सोडू नका: चिंध्यांची गादी, दोऱ्यांची भोकं, लगद्याचे थर, जुनी डागडुजी सगळं तिथेच दिसतं, आणि नाचणारा मान तशी का धरतो तेही. मुखवट्याची पूजा होते, त्यामुळे तो उचलणं, फिरवणं, टेकवणं ज्या घरात सोंग आहे त्यांच्याच हातून. अमुक सोंगाचा फोटो नको म्हणाले तर विषय संपला.

त्रिमितीय मॉडेलसाठी तीन उंचींवरून फेरी, दर १०–१५ अंशांवर एक फोटो, शेजारच्या फोटोंत ७० टक्के भाग सामाईक. तरीही चकचकीत जागी मॉडेलला भोकं पडतात आणि झिरमिळ्यांचा गोळा होतो. तो भाग साध्या फोटोंवरच सोडावा.

रात्र. फ्लॅश बंद. मुखवट्याच्या बारीक भोकांतून बघणाऱ्याला तो काही क्षण आंधळा करतो, शेजारी पेटते टेंभे असतात. कॅमेरा मॅन्युअलवर. पाठीमागचा अंधार मीटरला फसवतो आणि मुखवटा पांढराफटक येतो. ज्योत फ्रेममध्ये आली की उलटं, सगळं काळं. मुखवट्याच्या कपाळावर स्पॉट मीटरिंग करून (म्हणजे तेवढ्याच जागेचा उजेड मोजून) आकडे ठरवून टाकायचे. टेंभ्याच्या उजेडात एफ/२.८, आयएसओ ६४००, १/१०० ही सुरुवात. व्हाइट बॅलन्स ३००० केल्व्हिनला पक्का करून रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या; ऑटोवर एकच तांबडा मुखवटा दर फ्रेमला नवा रंग दाखवतो.

गल्लीत एलईडी लागले असतील तर आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. इलेक्ट्रॉनिक शटर टाळा, वेग १/५० किंवा १/१०० ठेवा. पावलं थोडी पुसट येतील, येऊ द्या. दिशा कळली की झालं. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०.

सोंग गल्लीत पुढे येतं, मागे जातं. समोर उभं राहिलं की नुसता मुखवटा मिळतो. एखाद्या ओट्यावरून तिरका कोन धरला तर मुखवटा, पाय आणि वाजंत्री एकत्र येतात. तिथे एक कॅमेरा खिळवून ठेवायचा, न फिरवता. हौशी फोटोग्राफरला हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढे नाटकवाल्याला उपयोगी पडतो तो हाच तुकडा.

आवाज. रेकॉर्डर संबळापासून तीन-चार मीटरवर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आवाजाचं शिखर उणे १२ डेसिबलपर्यंत (शून्यावर आवाज फाटतो). संबळाची थाप अचानक चढते, म्हणून दुसरा ट्रॅक आणखी १० डेसिबल खाली. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं तासाला दशांश सेकंदाने सहज सरकतात; पहाटेपर्यंत थाप आणि पाऊल उघड चुकतं. दर तासाला दोन्हींसमोर एक टाळी वाजवली की प्रश्न मिटतो.

पावलं. इथेच गाडी अडली आहे, कारण रात्रीच्या गर्दीत पाय झाकले जातात. उपाय म्हणजे दिवसा, मुखवट्याशिवाय, जाणत्या नाचणाऱ्याकडून तीच चाल सावकाश करून घेणं. जमिनीवर दर मीटरला चुन्याची खूण, कॅमेरा कमरेच्या उंचीवर. तक्त्यात रकाने चारच: गाण्याची ओळ, संबळाची मात्रा, पाऊल, मानेची दिशा. संबळवाला सोबत हवाच. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवर नाचवलं तर पाऊल ठोकळेबाज पडतं, कारण प्रत्यक्षात वादक पायाकडे बघून लय ओढतो.

हा तक्ता रंगमंचावर नेताना चौकोनी मंच अडचणीचा ठरतो. गल्लीची लांबी जाते, सोंग जागच्या जागी फिरू लागतं. प्रेक्षक दोन्ही बाजूंना बसवून मधे लांबट पट्टा सोडावा, निदान १२ मीटर. तेवढा नसेल तर प्रयोग न केलेला बरा.

पुढचं काम प्रिंटचं. प्रत्येक सोंगाच्या घरी ८×१२ इंची पिगमेंट प्रिंट (रंगकणांच्या शाईची), मागे पेन्सिलीने सोंगाचं नाव आणि साल. पाकीट पॉलिएस्टरचं घ्या. पीव्हीसीचं पाकीट जव्हारच्या पावसाळ्यात फोटोला चिकटतं.