कणकण नाही, आई

मंगळवार

आज ९७.३. काल ९७.२ होतं. वहीत टिंब काढलं, कालच्या टिंबाला रेघेने जोडलं. ही आलेखाची वही कॉलेज रोडच्या दुकानातून आणली तेव्हा दुकानदाराने सहज विचारलं होतं, "कितवीत आहे मुलगा?" मी "आठवीत" म्हणून मोकळी झाले.

नियम तसे सोपे आहेत. जाग आली की उठायचं नाही, बोलायचं नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. उशाचा थर्मामीटर जिभेखाली धरायचा आणि बीप होईपर्यंत निपचित पडायचं. वेळ रोज साधारण तीच हवी, त्याआधी निदान तीन तास सलग झोप हवी. हे सगळं ज्याने लिहिलं त्याच्या घरी फर्स्ट शिफ्टला जाणारा नवरा आणि सहाला बेल मारणारा दूधवाला नसावा. नाशिकच्या थंडीत गोधडीतून हात बाहेर काढायचं जिवावर येतं ते वेगळंच.

आज बीप व्हायच्या आतच बेल वाजली. मी हलले नाही. आई उठल्या, दूध घेतलं आणि दार लोटून आत डोकावल्या.

"अगं, रोज उठून ताप कसला बघतेस? कणकण आहे का अंगात?"

तोंडात थर्मामीटर, बोलायची चोरी. मान हलवली. नंतर ओट्याशी सांगितलं, "कणकण नाही, आई. दिवस राहायला कुठले दिवस बरे, ते यावरून कळतं म्हणतात." त्यांनी पोळी उलटली. जरा वेळाने म्हणाल्या, "मग उद्यापासून दूध मी घेईन. तू पडून राहा." एवढंच. लग्नाला चार वर्षं होत आली, पण 'काही विशेष?' हा प्रश्न मला बाकी सगळ्या गोतावळ्याने विचारला, यांनी नाही.

बुधवार

९७.२. बँकेत महिनाअखेर. बेल वाजली नाही. "पिशवी कडीला अडकवून जात जा" असं दूधवाल्याला सांगून झालेलं दिसतंय.

शुक्रवार

९७.३. फोनमधलं पाळीचं अ‍ॅप मला दर महिन्याला चौदाव्या दिवशी 'आज बरा दिवस' म्हणून हिरवा गोल दाखवतं. माझी पाळी कधी तीस दिवसांनी, कधी चौतीस. मग चौदावा दिवस आला कुठून? मोजायचं असतं ते शेवटाकडून. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला असतो, साधारण बारा ते चौदा दिवस. लांबतो-आखडतो तो आधीचा भाग. म्हणजे बत्तीस दिवसांचं चक्र असेल तर अठराव्याच्या आसपास.

हे उलटं मोजणं क्यूसाकू ओगिनो नावाच्या जपानी डॉक्टरने १९२४ मध्ये मांडलं. पुढची पाळी येण्याआधी बारा ते सोळा दिवसांच्या दरम्यान बीज सुटतं, असं त्याचं म्हणणं. लोकांनी त्याचं गणित मूल नको म्हणून वापरलं, याचं त्याला वाईट वाटायचं म्हणे.

रविवार

आज ९८.०. पण काल सिन्नरला लग्न, झोपायला दोन वाजले, झोप कसली ती. टिंबाला गोल केला. असं टिंब धरायचं नाही. जागरण, ताप, सर्दी, कशानेही आकडा चढतो.

मंगळवार

काल ९७.८, आज ९७.९. आधीच्या सहा दिवसांपेक्षा वर, असं सलग तीन दिवस दिसलं की बीज सुटून गेलं म्हणायचं. रविवार धरत नाही, त्यामुळे उद्याचं टिंब हवं. कारण साधं आहे: बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं आणि त्याने अंग किंचित तापतं, सेल्सियसमध्ये ०.२ ते ०.५, आपल्या फॅरनहाइटमध्ये अर्धा डिग्री, फार तर एक. कपाळाला हात लावून कळणार नाही इतकं.

गंमत अशी की वही बोलते तेव्हा वेळ गेलेली असते. सुटलेलं बीज बारा ते चोवीस तास टिकतं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणजे कामाचे दिवस ते आधीचे पाच आणि बीज सुटायचा सहावा. आकडा चढलेला बघून नवऱ्याला "रजा टाक" म्हणण्यात काही अर्थ नाही. आधी कळायचं ते अंगावरून जाण्यावरून. त्या दिवसांत ते अंड्यातल्या पांढऱ्यासारखं पारदर्शक आणि ताणलं जाणारं होतं. नाहीतर मेडिकलमध्ये लघवीवर करायच्या पट्ट्या मिळतात, त्या एक-दीड दिवस आधी सांगतात.

मग थर्मामीटर कशाला? मला विचाराल तर आपल्या शरीरात दर महिन्याला काहीतरी शिस्तीत घडतं, ते स्वतःच्या हाताने कागदावर उतरलेलं बघायला बरं वाटतं. बाकी कशालाच शिस्त नाही सध्या.

(मधे लिहिलं नाही. दिवस तसे बरे गेले, रेघ वर होती.)

शनिवार

९७.३.

रेघ एकदम खाली. पाळी आज नाहीतर उद्या. अठरा दिवस वर राहिली असती तर गोष्ट वेगळी होती.

हे आधीच कळणं बरं की वाईट, याचा आज बराच विचार केला. मला बरं वाटतं. वहीआधी हे बँकेत कळायचं, काउंटरला रांग असताना, आणि बाथरूममधून येऊन पुन्हा एफडीची पावती करायची. आता घरी कळतं, गोधडीत, कुणाला तोंड दाखवायच्या आत.

बुधवार

डॉक्टर मॅडमना वही दाखवली. त्यांनी सगळी पानं उलटली, मान डोलावली आणि म्हणाल्या, बीज सुटतंय असं दिसतंय खरं, पण याच्या भरवशावर मी राहणार नाही. हल्ली बीज सुटलं की नाही हे ठरवायला तापमानावर विसंबत नाहीत. सोनोग्राफीत फॉलिकल, म्हणजे बीज असतं ती पिशवी, वाढताना दिसतं आणि पाळीच्या सातेक दिवस आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन बघता येतं. थायरॉइडची तपासणी लिहून दिली. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "दिवस मोजू नका. दर दोन-तीन दिवसांनी एकत्र आलात तरी पुरतं."

हे ऐकून हा माझ्यापेक्षा जास्त सुटला. हिरव्या गोलाच्या दिवशी त्याची हमखास सेकंड शिफ्ट लागायची आणि आम्ही दोघं एकमेकांशी ऑडिटला बसल्यासारखे वागायचो.

पण कागदावरची पुढची ओळ त्याच्या नावाची होती. सीमेन अ‍ॅनालिसिस, म्हणजे वीर्यतपासणी. तो गप्प झाला. मूल होत नाही अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काही कारण असतं, आणि ही तपासणी सगळ्यांत सोपी. सुई नाही, सोनोग्राफी नाही. तरी ती शेवटी आठवते, आणि तोवर बायकोने पहाटे जिभेखाली थर्मामीटर धरलेला असतो. याचा मला राग येतो. रिक्षात तो राग बोलूनही दाखवला.

गुरुवार

पाळीचा पाचवा दिवस. ९७.२. हा सकाळी डबा भरताना म्हणाला, "चौथ्या शनिवारी तुला सुट्टी आहे ना? तेव्हा देऊ सॅम्पल." आधीचे दोन ते सात दिवस मधे जाऊ द्यायचे असतात, तोही हिशोब त्यानेच केला. लॅबमधल्या त्या खोलीत मात्र जाणार नाही म्हणतो. मग घरून न्यायचं, तासाच्या आत, आणि गार पडू द्यायचं नाही, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून. शनिवारी सकाळी त्र्यंबक नाक्याला किती गर्दी असते, ते उद्या बघून ठेवतो म्हणालाय.