जुन्या प्रेमकादंबऱ्या आणि नायिकेची रिकामी पर्स

सध्या सावानातून, म्हणजे आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, जुन्या प्रेमकादंबऱ्या आणून वाचायचा सपाटा लावलाय, ना. सी. फडक्यांच्या जमान्यातल्या, म्हणजे १९३०-४० च्या आसपासच्या. मैत्रिणी म्हणतात अगं कसं झेपतं तुला ते. झेपतं की! टेनिस खेळणारा हिरो, मोटार, चांदणं, पानभर वर्णन करून नेसवलेली साडी, मजा येते खरंच.

खटकतं ते वेगळंच. मी वाचल्यात त्यातल्या बहुतेक नायिकांकडे स्वतःचे पैसे म्हणून नसतातच, टांगा करायचा तर वडिलांचे, सिनेमाला जायचं तर त्याचे, बीए होते बिचारी पण त्या डिग्रीचं पुढे काय झालं ते लेखक सांगतच नाही, लग्न ठरलं की विषय संपला. आणि ती नको म्हणाली की हिरो मनगट धरणार आणि लेखक लिहिणार की ती मनातून मोहरली... तिथे मी पुस्तक सरळ मिटते आणि चहा टाकते.

पण मग शारदा कायदा आठवतो. १९२९ चा. त्यात मुलीच्या लग्नाचं कमीत कमी वय किती, तर १४! आणि इथे ही एकोणीस-वीसची, लग्न न झालेली, कॉलेजात जाणारी, परक्या मुलाशी तोंड वर करून बोलणारी. तेव्हाच्या घरांत हे केवढं वाटलं असेल. १९३३ साली विभावरी शिरूरकरांनी शिकलेल्या, कमावत्या अविवाहित मुलींच्या मनातलं लिहिलं तर असला गदारोळ झाला की विचारू नका, आणि ते तर टोपणनाव होतं, बाई होत्या मालतीबाई बेडेकर. त्यांच्या मुलींना पगार आहे पण चांदणं काही वाट्याला येत नाही, फडक्यांच्या मुलींना नुसतंच चांदणं. दोन्ही एकाच बाईला द्यायला काय जात होतं यांचं!

पंचवटीतल्या आत्याला हे सगळं ऐकवलं. तिने साठच्या दशकात ही पुस्तकं उशीखाली लपवून वाचलेली. म्हटलं आत्या, असल्या हिरोवर कशा गं भाळायचात तुम्ही? तर म्हणे, "हिरोचं काय घेऊन बसलीस! तिला अभ्यासाला वेगळी खोली असायची ना, दाराला आतून कडी असलेली, आम्ही त्या खोलीवर भाळायचो."

वाड्यात दोन खोल्यांत नऊ माणसं होती त्यांची.