रुमाल, अंगठी आणि एक वही: चौथ्या महिन्याची नोंद

नाटकं वाचताना ठेवलेली पहिल्या तीन महिन्यांची टिपणं परवा चाळली आणि ओशाळायला झालं. पानोपानी ‘अमुक म्हणजे तमुकचं प्रतीक’. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तला रुमाल म्हणजे निष्ठा, ‘मॅकबेथ’मधलं रक्त म्हणजे अपराध, ‘शाकुंतला’तली अंगठी म्हणजे स्मृती. चूक त्यात काही नाही. पण हे सगळं नाटक न वाचताही लिहिता आलं असतं, हीच बोच होती.

म्हणून या महिन्यात ‘प्रतीक’ हा शब्द वहीत येऊच द्यायचा नाही, असं ठरवलं. एक वस्तू धरायची आणि ती कुणाच्या हातून कुणाच्या हातात जाते तेवढंच टिपायचं. डावीकडे अंक आणि प्रवेश, मध्ये हात, उजवीकडे त्या क्षणी ते पात्र काय बोलतं. हिशेबाची वही असते तशी.

सुरुवात रुमालापासून. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश: ऑथेल्लोचं डोकं ठणकतंय म्हणून त्याची बायको डेस्डेमोना रुमाल कपाळाला बांधायला जाते. ‘फार लहान आहे’ म्हणत तो दूर सारतो आणि रुमाल पडतो. तिची दासी एमिलिया उचलते, एमिलियाचा नवरा इयागो तिच्याकडून घेतो आणि ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ याच्या खोलीत नेऊन टाकतो (डेस्डेमोनाचं कॅसिओशी सूत आहे, असं इयागोला ऑथेल्लोच्या मनात भरवायचंय), कॅसिओ नक्षी उतरवून घ्यायला आपल्या मैत्रिणीकडे, बियांकाकडे देतो, बियांका भडकून त्याच्याच पुढ्यात टाकते. रकाना भरून झाल्यावर लक्षात आलं की एकदा दूर सारल्यावर ऑथेल्लोच्या हाती रुमाल परत येतच नाही. तो लांबून बघतो, बस. ज्या वस्तूपायी तो बायकोचा जीव घेतो, ती ‘तुझ्याकडे कशी आली?’ एवढा साधा प्रश्न तो कॅसिओला विचारतो तो थेट शेवटच्या प्रवेशात, खून झाल्यावर.

दुसरी गोष्ट उजव्या रकान्यात सापडली. हा रुमाल आला कुठून, हे ऑथेल्लो दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळं सांगतो. तिसऱ्या अंकात डेस्डेमोनाला म्हणतो, एका इजिप्शियन जादूगारणीनं माझ्या आईला दिला, त्याच्या धाग्यात जादू आहे. पाचव्या अंकात, खून झाल्यावर, तोच रुमाल ‘माझ्या वडिलांनी आईला दिलेली जुनी खूण’ होतो. आधी मला ही लेखकाची नजरचूक वाटली. मग पहिला अंक पुन्हा काढला. तिथे तो भर सभेत सांगतो की आपल्या प्रवासाच्या, संकटांच्या हकिकती ऐकूनच ही मुलगी माझ्यावर भाळली. म्हणजे गोष्टी सांगून जिंकलेली बायको आता गोष्ट सांगूनच घाबरवली जातेय. जादूचं खरं-खोटं कोण ठरवणार? पण त्या प्रवेशात डेस्डेमोना ‘खरंच का?’ असं पुन्हा पुन्हा विचारते, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

एमिलियाकडे मी आजवर दुर्लक्ष केलं होतं, हे कबूल. ‘रुमाल कुठे हरवला असेल गं?’ या डेस्डेमोनाच्या प्रश्नाला ती ‘ठाऊक नाही, बाईसाहेब’ म्हणते. एवढंसं वाक्य. शेवटच्या अंकात तीच रुमालाचं खरं बोलते आणि नवऱ्याच्या हातून मरते. वहीत ही दोन वाक्यं समोरासमोर आली नसती, तर मी तिला ‘दासी’ म्हणून पुढे गेलो असतो.

थॉमस रायमर नावाच्या टीकाकारानं 1693 मध्ये या नाटकाची टर उडवली होती: एका रुमालावरून एवढा गहजब, मग नाव ‘रुमालाची शोकांतिका’ का नाही ठेवलं? मला तर ते नाव फारसं वाईट वाटत नाही. शेक्सपिअरनं ज्या इटालियन कथेवरून (चिंथिओ, 1565) नाटक बेतलं, तिच्यात खलनायक आपल्या तीन वर्षांच्या मुलीला नायिकेच्या कडेवर देतो आणि तेवढ्यात तिच्या कमरेचा रुमाल लांबवतो. ती सरळ चोरी. नाटकात चोर नाही. नवरा झिडकारतो म्हणून रुमाल पडतो. एवढ्याशा बदलानं दोष कुठल्या कुठे सरकतो पहा.

मग शाकुंतल. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत ना शाप आहे ना अंगठी. दोन्ही कालिदासाची देणगी. अंगठी चौथ्या अंकात प्रथम येते असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. साफ चूक! पहिल्याच अंकात दुष्यंत, झाडांना पाणी घालण्याचं शकुंतलेचं ‘ऋण’ फेडायला, आपली अंगठी पुढे करतो. सख्या तिच्यावरचं नाव वाचतात आणि एकमेकींकडे बघतात. आपण राजा आहोत हे लपवायला तो ‘ही राजाची भेट आहे’ अशी सारवासारव करतो. म्हणजे अंगठी ओळख पटवायच्या आधी ओळख लपवायच्या कामी आलेली आहे. पुढे शचीतीर्थाचं पाणी, रोहित मासा, कोळी, मग पुन्हा राजा. सातव्या अंकात राजा ती परत तिच्या बोटात घालू बघतो, तर शकुंतला म्हणते, माझा हिच्यावर विश्वास नाही, आर्यपुत्रांनीच घालावी. सगळं गोड झालेलं असताना हे एक वाक्य! मी तीनदा वाचलं.

रशियन नाटककार चेखवच्या ‘सीगल’ला दोनच संध्याकाळी दिल्या. तरुण लेखक त्रेप्लेव मारलेला सीगल पक्षी आपल्या प्रेयसीच्या, नीनाच्या पायाशी ठेवतो, तर ती म्हणते, हेही प्रतीकच असणार, पण मला काही कळत नाही. माझ्या जुन्या टिपणांना ही सणसणीत चपराक. चौथ्या अंकात पेंढा भरलेला तोच पक्षी कपाटातून निघतो आणि तो भरून घ्यायला सांगणाऱ्या त्रिगोरिन या नामवंत लेखकाला काही आठवतच नाही.

आता अडलंय ते ‘मॅकबेथ’पाशी. हवेत दिसणारा खंजीर कुणाच्या हातात येतच नाही, मग रकान्यात लिहू काय? तूर्त मधली जागा कोरी ठेवलीय. त्याच्या खालच्या ओळीत खरे खंजीर येतात: राजाचा खून करून मॅकबेथ ते भानावर नसल्यासारखा खोलीबाहेर घेऊन येतो, परत जायची त्याची छाती होत नाही, आणि लेडी मॅकबेथ ‘खंजीर माझ्याकडे द्या’ म्हणते. तिच्या हातांचा हिशेब पाचव्या अंकापर्यंत, ती झोपेत हात धूत राहते तिथवर चालणार, तेव्हा त्या ओळीपुढे अर्धं पान सोडलंय.